आज्यांचा शोध आणि साक्षीदाराचे मौन

एखाद्या घरातील मूल नाहीसे झाले म्हणजे त्या घराच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, तो "त्याला कोणी पाहिले काय?" हा होय. या प्रश्नाचे उत्तर कुटुंबाजवळ नसते. ते कोणा तिऱ्हाईताजवळ असते. शेजारी, वाटसरू, सुईण, तुरुंगातून सुटून आलेला कैदी, यांपैकी कोणीतरी काही पाहिलेले असते. परंतु पाहणाऱ्यालाही स्वतःचे घरदार असते आणि स्वतःचे भय असते. आपले नाव कोठे येऊ नये असे त्याला वाटले, तर त्यात गैर काही नाही. कुटुंबाचा जाणून घेण्याचा हक्क आणि साक्षीदाराचा अज्ञात राहण्याचा हक्क असे हे दोन न्याय्य हक्क एकमेकांसमोर उभे ठाकले म्हणजे समाजाने काय करावे? या प्रश्नाचा कस दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशात जसा लागला, तसा आधुनिक काळात क्वचितच कोठे लागला असेल.

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली. ही राजवट १० डिसेंबर १९८३ पर्यंत टिकली. या काळात राजकीय विरोधक, कामगार पुढारी, विद्यार्थी आणि त्यांच्याशी नुसता संबंध असलेली माणसेही रात्री-अपरात्री घरांतून उचलून नेण्यात आली. त्यांच्यावर ना खटला चालला, ना त्यांच्या अटकेची नोंद झाली. "ही व्यक्ती आमच्याकडे नाही," एवढेच उत्तर नातेवाइकांना मिळे. पकडलेल्यांत कित्येक स्त्रिया गर्भवती होत्या. राजधानी ब्यूनॉस आयर्समधील नौदलाच्या यांत्रिकी विद्यालयात आणि अशाच इतर गुप्त बंदिखान्यांत त्यांना प्रसूतीपर्यंत जिवंत ठेवण्यात येई. प्रसूतीनंतर मातेचा अंत होई, आणि मूल बहुधा एखाद्या लष्करी वा पोलिसी कुटुंबाकडे किंवा त्यांच्या परिचितांकडे सोपविले जाई. खोटा जन्मदाखला तयार होई आणि मुलाचे नाव, जन्मदिवस व आईबाप सर्वच बदलून जात. काही तान्ही मुले आईबापांबरोबर घरातूनच उचलली गेली होती. अशा मुलांची संख्या सुमारे पाचशे असावी, असा त्यांच्या कुटुंबियांचा अंदाज आहे.

या मुलांचा शोध घेण्यास पुढे आल्या त्या त्यांच्या आज्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये बारा स्त्रियांनी एकत्र येऊन काम आरंभिले. राजधानीतील ज्या चौकात बेपत्ता तरुणांच्या माता फेऱ्या घालीत, त्या चौकाच्या नावावरून त्या पुढे 'प्लाझा दे मायोच्या आज्या' म्हणून जगाला ठाऊक झाल्या. त्यांतील बहुतेकींना राजकारणाचा वा कायद्याचा गंधही नव्हता. कोणी शाळेत शिकवीत असे, तर कोणी केवळ घरसंसार पाहत असे. त्या उपाहारगृहात वाढदिवस साजरा करण्याच्या निमित्ताने जमत आणि टेलिफोनवर सांकेतिक शब्दांत बोलत. अनाथालये, बालन्यायालये, इस्पितळे आणि धर्मगुरूंची निवासस्थाने त्यांनी पालथी घातली. परंतु त्यांची खरी मदार होती ती कानोकानी येणाऱ्या बातमीवर. अमक्या अधिकाऱ्याच्या घरी एकाएकी मूल आले, त्याची पत्नी कधी गर्भवती दिसली नव्हती, अशा प्रकारची बातमी चिठ्ठीने येई वा निनावी टेलिफोनने येई. सांगणारा आपले नाव सांगत नसे, आणि आज्याही ते विचारण्याचा आग्रह धरीत नसत.

हा आग्रह न धरण्यामागे एक दारुण अनुभव होता. एप्रिल १९७७ मध्ये राजधानीच्या दक्षिणेस असलेल्या किल्मेस या गावच्या इस्पितळात एका बंदिवान स्त्रीला प्रसूतीसाठी आणण्यात आले. तिने आपले नाव व आपल्या माणसांचा ठावठिकाणा तेथील कर्मचाऱ्यांना कसाबसा कळविला. एक सुईण आणि एक परिचारिका यांनी ती वार्ता तिच्या कुटुंबास पोहोचविली. त्यांनी एवढेच केले होते. परंतु थोड्याच दिवसांत त्या दोघींनाही पळवून नेण्यात आले आणि त्या परत कधी दिसल्या नाहीत. एका कुटुंबाला आपल्या लेकीचा व तिच्या बाळाचा पत्ता लागावा म्हणून दोन अपरिचित स्त्रियांनी प्राणांचे मोल दिले. हा प्रसंग पुढे शासकीय चौकशीच्या अहवालात नोंदला गेला. साक्षीदाराचे नाव उघड होणे म्हणजे काय, हे किल्मेसच्या घटनेनंतर कोणास निराळे समजावून सांगण्याची गरज राहिली नाही.

साक्षीदारांचा दुसरा वर्ग म्हणजे बंदिखान्यातून जिवंत सुटलेली माणसे. गर्भवती कैद्यांना त्यांनी पाहिले होते, आणि जन्मलेल्या मुलाचे रडणेही ऐकले होते. परंतु ज्याने छळ सोसला त्याला तो पुन्हा सांगणे म्हणजे तो पुन्हा सोसणेच होय. शिवाय, "इतके मेले, मग तू कसा वाचलास?" असा संशय त्यांच्याकडे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत असे, तो निराळाच. तरीही ही माणसे बोलली. पुष्कळदा देशाबाहेर जाऊन बोलली. आज्यांच्या संघटनेच्या पुढे अध्यक्षा झालेल्या एस्तेला दे कार्लोतो यांची कन्या लॉरा नोव्हेंबर १९७७ मध्ये पकडली गेली व ऑगस्ट १९७८ मध्ये मारली गेली. तिने बंदिवासात मुलाला जन्म दिला होता ही वार्ता कार्लोतो यांना १९८० साली ब्राझीलमधील साओ पावलो येथे, सुटून आलेल्या कैद्यांच्या तोंडून कळली. एका साक्षीच्या त्या धाग्यावर त्यांनी पुढील चौतीस वर्षे शोध चालविला.

भय नसलेल्या ठिकाणी साक्ष किती सहज फळास येते, याचे उदाहरणही याच काळात सापडते. दोन लहान भावंडे १९७६ साली ब्यूनॉस आयर्समध्ये आईबापांपासून तोडली गेली आणि शेजारच्या चिली देशातील वालपारायसो शहरात एका चौकात सोडून देण्यात आली. साओ पावलो येथील 'क्लामोर' या ख्रिस्ती मानवहक्क-समितीने त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. एका समाजसेविकेने ती ओळखली, आणि १९७९ मध्ये मुलांचा पत्ता लागला. त्यांना दत्तक घेणारे दांपत्य निष्कपट होते. तेव्हा कोर्टकचेरी न करता उभय कुटुंबांनी समजुतीने ठरविले की, मुलांनी वाढविणाऱ्या घरीच राहावे, मात्र आजीशी त्यांचे नाते अखंड असावे. साक्ष देणाऱ्या स्त्रीस लपावे लागले नाही आणि मुलांची ओढाताणही झाली नाही. परंतु असा योग थोड्यांच्याच वाट्यास आला.

लोकशाही परत आल्यावर राष्ट्राध्यक्ष राऊल आल्फोन्सिन यांनी डिसेंबर १९८३ मध्ये बेपत्ता व्यक्तींविषयी चौकशी-आयोग नेमला. लेखक एर्नेस्तो साबातो हे त्याचे अध्यक्ष होते. सप्टेंबर १९८४ मध्ये सादर झालेल्या अहवालात ८,९६० बेपत्तांची नोंद होती. खरा आकडा तीस हजारांच्या घरात असल्याचे मानवी हक्कांच्या संघटना सांगतात. १९८५ साली लष्करी मंडळाच्या नेत्यांवर नागरी न्यायालयात खटला उभा राहिला. आठशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. राष्ट्राने हा खटला पाहावा अशी इच्छा होती, परंतु साक्षीदार उघडे पडू नयेत ही काळजीही होती. यावर जो तोडगा निघाला तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. दूरचित्रवाणीवर दिवसाकाठी अवघी तीन मिनिटे, तीही आवाजाविना, दृश्ये दाखविली जात, आणि साक्षीदारांचे चित्रण पाठीमागून केलेले असे. नवजात लोकशाहीला लष्कराचा धाक अद्याप होता, हेही त्या निःशब्द चित्रांमागचे एक कारण होते. तथापि न्यायासनासमोर संपूर्ण सत्य आणि लोकांसमोर केवळ पाठमोरी आकृती, ही विभागणी तत्त्वतः चुकीची म्हणता येणार नाही.

हा धोका काळाबरोबर ओसरला असे मात्र समजू नये. २००६ साली ला प्लाता शहरात एका माजी पोलीस अधिकाऱ्यावर खटला चालला. त्यात होर्हे हुलिओ लोपेस या वृद्ध गवंड्याने साक्ष दिली. तीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः बंदिवास भोगला होता. १८ सप्टेंबर रोजी, निकालाच्या आदल्या दिवशी, तो घरातून नाहीसा झाला आणि आजतागायत सापडला नाही. लोकशाही येऊन तेवीस वर्षे झाली होती. साक्षीदार-संरक्षणाचा कायदा २००३ सालीच संमत झाला होता. तरीही बेपत्तांविषयी साक्ष देणारा माणूस स्वतःच बेपत्ता झाला. पुढच्याच वर्षी 'सत्य आणि न्याय' नावाचा शासकीय कार्यक्रम आखण्यात आला व साक्षीदारांच्या सुरक्षिततेकडे अधिक लक्ष पुरविले जाऊ लागले. कायदा पुस्तकात असणे आणि साक्षीदाराच्या दाराशी असणे यांतील अंतर मात्र त्या एका घटनेने कायमचे दाखवून दिले.

माणसाच्या तोंडची साक्ष अशी जोखमीची असल्यामुळे आज्यांनी न बोलणाऱ्या साक्षीचा शोध घेतला. आईबाप हयात नसताना केवळ आजी-आजोबांच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल काय, हा प्रश्न घेऊन त्या देशोदेशींच्या शास्त्रज्ञांना भेटल्या. न्यूयॉर्कमध्ये राहणारे अर्जेंटिनाचे विस्थापित तज्ज्ञ व्हिक्टर पेन्चासादे आणि कॅलिफोर्नियातील मेरी-क्लेअर किंग यांच्यासारख्या संशोधकांनी त्यासाठी गणिती पद्धती सिद्ध केली. १९८४ साली एका पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढत असलेल्या आठ वर्षांच्या मुलीची ओळख या पद्धतीने निश्चित झाली व न्यायालयाने तिला आजीच्या स्वाधीन केले. १९८७ साली कायद्याने राष्ट्रीय आनुवंशिक माहिती-पेढी स्थापन झाली. कुटुंबांनी आपले रक्त तेथे ठेव म्हणून ठेवावे आणि आपण हयात नसलो तरी नातवंडाला कधीतरी आपली ओळख पटावी, अशी ही योजना. निनावी चिठ्ठी लिहिणाऱ्याला आता न्यायालयात उभे राहण्याची आवश्यकता उरली नाही. त्याने दिशा दाखवावी, आणि सिद्ध करण्याचे काम रक्ताने करावे. साक्षीदाराचे मौन आणि कुटुंबाचा हक्क या दोहोंची सोय लागली असे काही काळ वाटले.

परंतु प्रश्न संपला नाही. त्याने केवळ जागा बदलली. मुले मोठी झाली. ज्याचा शोध चालला होता तो आता सज्ञान नागरिक होता, आणि एकमेव निर्णायक साक्ष त्याच्या स्वतःच्या देहात होती. हरवलेले मूल हेच साक्षीदार झाले, आणि ही साक्ष जायची होती ती ज्यांना त्याने जन्मभर आई-बाबा म्हटले त्यांच्याविरुद्ध. अशा एका तरुणीने रक्त देण्यास नकार दिला. आपण त्यांच्या पोटची मुलगी नाही हे तिला कळले होते. पण ज्यांनी वाढविले त्यांना तुरुंगात धाडण्यासाठी आपले शरीर पुरावा म्हणून वापरले जाऊ नये, एवढेच तिचे म्हणणे होते. सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचा नकार मान्य केला. निकटच्या आप्ताविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कायदा कोणावर करीत नाही. मग वाढविणाऱ्यांविषयीच्या मायेचा मान का राखू नये, हा विचार त्या निर्णयामागे होता.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच वजनदार होते. आज्या म्हणत की, ज्या गुन्ह्यातून हे नाते जन्मले त्याच गुन्ह्याला त्या नात्याची ढाल करणे हे कोणते न्यायशास्त्र? नातवंडाच्या इच्छेपुढे मान तुकविली तर वृद्ध आजीने सत्य न कळताच डोळे मिटावयाचे काय? शिवाय नकाराचा सारा भार त्या तरुण जिवावरच पडत होता: होय म्हटले तर आईबाप तुरुंगात, नाही म्हटले तर आजीचा शोध अपुरा.

ऑगस्ट २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निर्णय देऊन मधला मार्ग काढला. इच्छेविरुद्ध सुई टोचून रक्त काढणे त्याने अमान्य केले; परंतु कपडे, दात घासण्याचा ब्रश यांसारख्या वापरातील वस्तूंवरून डीएनए तपासणे ग्राह्य धरले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात संसदेने हा मार्ग कायद्यात आणला. न्यायाधीशाने कारणे देऊन आदेश द्यावा, देहाला कमीतकमी उपसर्ग व्हावा, पीडित व्यक्ती राजी नसेल तर वस्तूंवरून काम भागवावे, असे ठरले. पेढीतील माहिती गोपनीय राहील व कायद्याने सांगितलेल्या कारणाखेरीज कोणास दिली जाणार नाही, हेही दुसऱ्या एका कायद्याने स्पष्ट केले. या तोडग्यावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. घरात शिरून वस्तू नेणे हा देहाला नाही तरी मनाला उपसर्गच, असे कित्येकांस वाटले. एका नामांकित घराण्यातील दोन दत्तक मुलांवर संशयाची छाया कित्येक वर्षे राहिली. २०११ साली तपासणी झाली तेव्हा पेढीतील कोणत्याही कुटुंबाशी त्यांचे नाते जुळले नाही. शोधाची किंमत निरपराधांनाही द्यावी लागते, हे मान्य केलेच पाहिजे.

या वादाच्या जोडीनेच एक तिसरा मार्ग तयार होत होता, आणि बहुधा तोच सर्वांत फलदायी ठरला. १९९२ साली सरकारने 'ओळखीच्या हक्कासाठी राष्ट्रीय आयोग' स्थापन केला. ज्याला आपल्या जन्माविषयी शंका असेल त्याने स्वतः तेथे यावे, त्याची विचारपूस गुप्तपणे होईल, चाचणीही त्याच्या संमतीने होईल, अशी ही व्यवस्था होती. १९९७ पासून आज्यांनी गाणी, नाटके व जाहिराती यांच्याद्वारे तरुणांना साद घातली. आता शोधणारा शोधिल्या जाणाऱ्याच्या दारावर थाप मारीत नव्हता. दार उघडे ठेवून वाट पाहत होता. कार्लोतो यांचा नातू २०१४ साली असाच स्वतःहून आला. शंका आली म्हणून त्याने चाचणी मागितली, आणि ऑगस्टमध्ये तो ११४ वा सापडलेला नातू ठरला. परंतु त्याने स्वतः बोलण्यापूर्वीच त्याचे नाव वृत्तमाध्यमांत पसरले. छत्तीस वर्षांनी खरे नाव मिळालेल्या माणसाला ते जगाला केव्हा सांगावे हे ठरविण्याची मोकळीक मिळाली नाही. सारा देश आनंदात असताना घडलेला हा अपराध लहानसा वाटेल; पण विश्वासाने पुढे येऊ पाहणाऱ्या पुढच्या माणसाला तो लहान वाटत नाही.

भारतीयांना या इतिहासात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. फाळणीनंतर पळविल्या गेलेल्या स्त्रिया व मुले परत मिळविण्यासाठी आपल्या संसदेने १९४९ साली कायदा केला. हेतू उदात्त होता आणि हजारो कुटुंबे वाटेकडे डोळे लावून बसली होती. परंतु जिला परत आणावयाचे तिची स्वतःची इच्छा काय, हे विचारण्यास त्या कायद्यात फारसे स्थान नव्हते. त्यातून निर्माण झालेली दुःखे पुढे पुष्कळांनी नोंदविली आहेत. १९८९ च्या बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील आठवे कलम मुलाची ओळख, नाव व कौटुंबिक नाती जपण्याविषयी आहे. ते अर्जेंटिनाच्या आज्यांच्या प्रयत्नांतून आले, आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला. साक्षीदार-संरक्षण योजनेस आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्याच्या आदल्या वर्षी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. बेपत्ता व्यक्तींसाठी डीएनएची स्वतंत्र सूची ठेवू पाहणारे विधेयक मात्र जुलै २०२३ मध्ये संसदेतून मागे घेण्यात आले. ही माहिती कोणाजवळ असावी आणि कोणापासून राखावी, याचा विचार आपल्यालाही पुन्हा करावा लागणार आहे.

अर्जेंटिनाच्या अनुभवातून एक गोष्ट स्पष्ट होते. हे दोन हक्क परस्परांचे शत्रू नाहीत. आपले नाव राखले जाईल अशी खात्री असेल तरच पाहणारा बोलतो, आणि तो बोलला तरच कुटुंबाला मूल सापडते. साक्षीदाराची गुप्तता मोडून घेतलेली एक माहिती पुढच्या दहा साक्षीदारांची तोंडे बंद करते; किल्मेसच्या दोघींना नाहीसे करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून माहिती आणि माहिती देणाऱ्याचे नाव या दोन गोष्टी वेगळ्या राखणे, आणि देहाच्या साक्षीपूर्वी मनाची संमती मागणे, हा शोधातील अडथळा नसून शोधाचे साधनच होय.

जुलै २०२५ पर्यंत आज्यांनी १४० नातवंडांचा शोध लाविला होता. त्यांच्या संघटनेच्या आद्य सदस्यांपैकी आणि १९८९ पर्यंत अध्यक्षा असलेल्या मारिया इसाबेल चोरोबिक दे मारियानी यांची तीन महिन्यांची नात २४ नोव्हेंबर १९७६ रोजी ला प्लाता येथील घरातून नेली गेली. मारियानी ऑगस्ट २०१८ मध्ये वारल्या. नात त्यांना भेटली नाही. पेढीतील त्यांच्या रक्ताची नोंद मात्र तशीच आहे. कोठेतरी पन्नाशीला आलेली एक स्त्री असेल, आणि त्या रात्री काही पाहिलेला एखादा वृद्ध साक्षीदारही असेल. त्या दोघांनाही यावयाचे झाल्यास दार उघडे आहे, आणि आत त्यांचे नाव राखले जाईल.